पानांचं चाक

साजगाव,
आश्विन वद्य पंचमी

प्रिय सदूदादा,

माझं अक्षर बघून हसशील. हसून घे. कळंबच्या माळावर गुरं राखताना सागाच्या कोवळ्या पानावर नखानं गिरवायला तूच शिकवलंस. रेघ लाल उमटली की मी नाचायचे. तेवढीच माझी शाळा. मधली काही वर्षं तर हात अक्षराला लागलाच नाही, का ते पुढे लिहिते.

घरी सगळी बरी आहेत. हळवं भात कापून होत आलं, गरवं पिकायला अजून वेळ आहे. सासूबाईंचे गुडघे धरलेत. आमच्या पोरीचे, जयवंताचे बाबा खोपोलीच्या वीजघरावर रोजानं जातात, संध्याकाळी येऊन तिथल्या गमती सांगतात.

आईची फार आठवण येते रे हल्ली. किती डोकं खायचो आपण तिचं! लावणी करता करता, वाकल्या वाकल्या ती उत्तर द्यायची. ठाऊक नसलं की चिखलाच्या हातानंच उठायची, ‘चल रं सदू, बघून येऊ.’ खेकड्याच्या बिळात पाणी कुठून येतं ते बघायला बांधावर पालथी पडलेली आई मला अजून दिसते. लोक हसायचे. तिला ढिम्म फरक पडायचा नाही.

माझा हिरू तिच्यावरच गेला होता. मीच त्याला पानावर अक्षरं शिकवली. पाच वर्षांचं पोर खालापूरच्या बाजारात दुकानांच्या पाट्या वाचायचं, माणसं गोळा व्हायची, आणि मी मेली कौतुकानं फुलून जायची. त्याच आठवड्यात ताप भरला. तू पोचलास तोवर सगळं आटोपलं होतं. दृष्ट लागली, म्हणाले सगळे. तुला पटलं नाही, मला पटलं. अजून पटतं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तेव्हापासून मी अक्षराला हातच लावला नाही.

म्हणून जयवंताही तशीच निघाली तेव्हा सासूबाईंनी ठरवलं, चारचौघांत हिला येडी म्हणायचं. आपल्याकडे यात नवीन काय? पोरं जगत नाहीत त्या घरात दगडू, धोंडू नावं ठेवतातच. सासूबाईंचा जीव आहे रे पोरीवर, म्हणून तर. एकदा शेजारची भागूबाई बसलेली असताना हिनं विचारलं, ‘आये, पान्यानं दिवा इझतो, मंग खोपोलीत पान्यानं दिवा लागतो कसा गं?’ दादा, आनंदानं अंगावर काटा आला माझ्या. तिला कडेवर मारून तस्सं वीजघरावर न्यावंसं वाटलं. पण भागूबाईचे डोळे पोरीवर खिळलेले बघितले, आणि माझ्याच तोंडून निघालं, ‘येडी हाय ती, कायपन बोलते.’ भागूबाई हसली. पोर हसली नाही. हळूहळू तिनं विचारणंच सोडलं, आणि आम्ही म्हटलं, बरं झालं, बला टळली.

परवा कापणीच्या वेळी ती दिसेना म्हणून बघायला गेले. वरच्या खाचरातलं पाणी बांधावरून खाली पडतं, तिथे तिनं सागाच्या पानांच्या पट्ट्या काटकीला खोचून चाक केलं होतं. गरगर फिरत होतं रे ते! कुणी दाखवलं नव्हतं, बापाच्या तोंडून नुसतं ऐकलेलं. मी तोंडाला पदर लावून उभी राहिले. तेवढ्यात मागून भागूबाई आली. ‘अगो बाय, ह्ये कुनी केलं?’ जयवंतानं आमच्याकडे बघितलं, पायानं चाक मोडून टाकलं आणि ओठ लोंबवून हसली, आम्हा सगळ्यांना हवी असते तशी. ‘मी नाय. मी येडी हाय.’

भागूबाई गेल्यावर मी म्हटलं, बाय माझी, परत कर ना, मला बघू दे. तर म्हणते, ‘मला नाय येत, आये.’ दादा, ती सोंग करत नव्हती. तिला खरंच तसं वाटतंय.

हिरू हातचा गेला, आणि हिला जपता जपता हे होऊन बसलं. त्या दिवसापासून घास गोड लागत नाही. शहाणी म्हणायला तोंड उघडते आणि डोळ्यांपुढे हिरू येतो, शब्दच फुटत नाही. म्हणून हे पत्र. भाऊबीजेला येशील तेव्हा लुगडं आणू नकोस. भागूबाईच्या देखत, सगळ्यांच्या देखत जयवंताला जवळ घे आणि मोठ्यानं शहाणी म्हण. मग तिला कर्जतला तुझ्या घरी ने, शाळेत घाल. ह्यांना मी राजी केलंय. सासूबाई रडतील, मीही रडेन, तू थांबू नकोस. तिनं काही विचारलं आणि तुला येत नसलं, तर आईसारखं ‘चल, बघून येऊ’ म्हण. वहिनीलाही तेवढं सांग. आणि दृष्टीचं तू मनात आणू नकोस. रोज तिन्हीसांजेला कर्जतकडे तोंड करून मीठ-मोहऱ्या मी इथून ओवाळून टाकत जाईन. भ्यायचं ते मी भिते, तिला तेवढं भिऊ देऊ नकोस.

तुझीच,
आवडी