लिंबू फुटलं, अप्पा!

प्रिय अप्पा,

आज दसरा. सकाळपासून गल्लीत सगळ्यांना सोनं म्हणून बन्नीची पानं देऊन झाली. दर वर्षी पहिली पानं तुमच्या हातात पडायची. मी वाकायची आणि तुम्ही डोक्यावर हात ठेवून म्हणायचात, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." सोन्यासारखं राहूया. आज ती तुमच्या फोटोपुढं ठेवली. पण फोटोशी बोलण्यात काय मजा? कुठलीही गोष्ट सांगायला लागलं की तुम्ही दर वाक्याला "मग? मग?" करायचात. फोटो गप्पच. म्हणून लिहायला बसलेय. गौरी झोपलीय, ती उठायच्या आत सगळं सांगून टाकते.

आणि मुख्य बातमी आधीच सांगते, कारण तुम्हाला धीर नाही. अप्पा, काल खंडेनवमीला लिंबू फुटलं! मी फोडलं. तुमच्या मोटारसायकलनं.

आता पहिल्यापासून ऐका. पहिलं म्हणजे, माझा तुमच्यावर राग आहे.

मला पाचवा महिना लागला आणि तुम्ही हात पुढं केलात. "किल्ली दे, मायव्वा. बाळ झालं की परत देतो." किती भांडले मी! कॉलेजला असल्यापासून ती गाडी माझ्या हातात होती. अमरगोळहून विद्यानगरपर्यंत रोज मी तिच्यावरून गेले, लग्नानंतरसुद्धा माहेरी आले की आधी गाडी आणि मग चहा. तुम्ही नुसते हसलात आणि किल्ली देवघराच्या खिळ्याला अडकवलीत. मग आषाढात एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. असं करतात का हो अप्पा? शब्द दिला होता ना? बाळ तर झालं. किल्ली कुणी द्यायची होती?

गौराई बसल्या त्याच दिवशी ती आली, म्हणून गौरी. नाक तुमचं आहे. हट्टपणा कुणाचा आहे ते आई रोज सांगते आणि सांगताना माझ्याकडं बघते.

मागच्या खंडेनवमीला ती तान्ही होती. तुमचा नियम तुम्हाला माहीतच आहे. गाडी घासून धुवायची, झेंडूचा हार घालायचा, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि जो गाडी चालवतो त्यानंच ती लिंबावरून न्यायची. ढकलून नाही, इंजिन चालू करून. दुसऱ्या कुणी नेलेलं तुम्हाला चालायचं नाही. अण्णा, तुमचा लेक, बेंगळूरहून आला होता. त्यानं गाडी चकचकीत पुसली, आईनं पूजा केली, लिंबू ठेवलं. आणि मग सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. अण्णा म्हणाला, "माझी गाडी नाही ही, मी कशाला?" माझे सिझेरियनचे टाके ओले, मांडीवर पोर. गाडी तिथंच राहिली. संध्याकाळी आईनं चाकाखालून ते लिंबू काढलं. अख्खं होतं. तिनं ते पदराला पुसलं आणि कुठं ठेवावं ते न सुचून अंगणात तशीच उभी राहिली.

मी दारातून बघत होते. त्या दिवशी ठरवलं, पुढच्या वर्षी लिंबू फुटणार.

ठरवणं सोपं असतं हो! अंगात बळ कुठं होतं? पोरीला धरून धरून डावं मनगट असं धरलेलं की पाण्याचा तांब्या उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. त्या हातानं क्लच दाबायचा? कंबर वेगळीच. पण खरं सांगू का, मनगट बरं झालं तरी भीती गेली नाही. मी, आणि भ्यायले! जी मी आपल्या इथल्या लॅमिंग्टन रोडवर सिटी बसच्या बाजूनं शीळ घालत निघायची, तीच मी रिक्षात बसूनसुद्धा ट्रक दिसला की डोळे मिटायला लागले. पूर्वी पडले असते तर मी पडले असते. आता पडले तर गौरीची आई पडणार होती. हे कुणाला समजावून सांगायचं? तुमच्या जावयांना? त्यांना बिचाऱ्यांना गिअरची गाडीच येत नाही! त्यांची ती स्कूटर, ती पण पावसात बंद. ते म्हणाले, "अगं, मग स्कूटर घे की." मी दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

होळीच्या सुमाराला एक दिवस आई देवळात गेली होती. मी खिळ्यावरची किल्ली गुपचूप काढली, कीक मारली. चालू झाली! काय आनंद झाला म्हणता! गल्लीच्या टोकाला वळायचं होतं. तिथं एक कुत्रं आडवं आलं, मी पाय टेकवला आणि गाडी कलायला लागली. पूर्वी मांडीवर तोलली असती. त्या दिवशी पायात ताकदच नव्हती. हळूच, अगदी सावकाश, ती माझ्या अंगावर आडवी झाली. लागलं काही नाही. पण मला तिथून उठावंसंच वाटेना. शेजारच्या महादेवी अक्का धावत आल्या, त्यांनी गाडी उचलली, मला उचललं. "अय्यो, बाळंतीण बाई तू, हे कशाला हवंय तुला?" असं म्हणत घरी आणून सोडलं. मी रस्ताभर मोठ्यानं रडत आले. लाज नाही वाटली.

मग काय, अण्णाचा फोन. "माया, गाडी उभी राहून गंजतेय, आणि तू हातपाय मोडून घेशील. गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकूया." त्याचं चुकलं असं नाही म्हणणार मी. पण माझा आवाज चढला. म्हटलं, "दसऱ्यापर्यंत थांब. खंडेनवमीला मी लिंबावरून नेली नाही, तर दुसऱ्या दिवशी विक. मी एक शब्द बोलणार नाही."

बोलून बसले खरी. आता?

तेव्हा तुम्ही आठवलात, अप्पा. म्हणजे तुमचं शिकवणं. मार्केट यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला तिथं न्यायचात, जिथं आठवडाभर तुम्ही अडत्याकडं मिरचीची पोती उतरवून घ्यायचात. सगळे गाळे बंद, मोकळं पटांगण, आणि हवेत मिरचीची धूळ. मी शिंकत शिंकत शिकले! पण तुम्ही गाडी चालूच करू द्यायचा नाहीत. बंद गाडी ढकल. पुढं ढकल, मागं ओढ, वळव. स्टँडवर चढव, उतरव. आडवी पाड आणि एकटीनं उचल. मी चिडायची, "मला चालवायला शिकायचंय, हमाली नाही!" तुम्ही कट्ट्यावर बसून शेंगा सोलत म्हणायचात, "आधी तिचं वजन ओळखीचं होऊ दे, मायव्वा. मग ती तुला पाडणार नाही."

तर मी परत तिथूनच सुरुवात केली. रविवारी माहेरी यायचं, गौरीला तुमच्या जावयांच्या हातात द्यायचं आणि बंद गाडी ढकलत घरापासून यार्डापर्यंत जायचं. किल्लीला हात नाही. आणि लोक! तुमच्या या अमरगोळच्या लोकांना एका बाईनं बंद गाडी ढकललेली बघवत नाही बघा. "अक्का, पेट्रोल संपलं काय?" "अक्का, पंक्चर काय?" एकजण म्हणाला, "बाजूला व्हा, मी कीक मारून देतो." चहावाल्या बसप्पा मामांनी तर बाटलीत पेट्रोल आणून दिलं! मी म्हटलं, "मामा, टाकी भरलेली आहे." ते बाटलीला परत बूच लावायला लागले आणि काहीतरी लक्षात आल्यासारखं म्हणाले, "तुमच्या अप्पांनी पण अशीच ढकलायला लावली होती, नाही काय?" मी हो म्हटलं आणि गाडी पुढं ढकलली. पुढच्या रविवारपासून ते मला बघितलं की नुसता चहा पुढं करायचे, फुकट.

आधी अर्ध्या रस्त्यात धाप लागायची. मग तेवढ्यात लागेना. यार्डात मी गाडी मुद्दाम आडवी पाडायची आणि उचलायची. पहिल्यांदा उचलली गेली तेव्हा तुमचे जावई कट्ट्यावरून टाळ्या वाजवायला लागले, आणि ते वाजवतात म्हणून गौरी पण. त्या माणसाला गिअर येत नसतील अप्पा, पण एका शब्दानं कधी "पुरे" म्हणाला नाही. तुम्ही बरोबर पारखलं होतं.

श्रावणातल्या एका रविवारी मी गाडी अंगणातून ढकलत काढली आणि आई आडवी आली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तिनं मूठ पुढं केली. मुठीत किल्ली. म्हणाली, "घे. बाळ झालं की देतो म्हणाले होते. मी काय बहिरी होते काय?"

एवढंच. आणि वळून आत गेली, दूध उतू जातंय म्हणाली. दूध नव्हतंच चुलीवर. अप्पा, तुम्ही शब्द मोडला नाहीत. आईच्या हातात ठेवून गेला होतात, आणि मी उगाच इतके महिने रुसले.

त्या दिवशी यार्डात पहिला गिअर टाकला. क्लच सोडताना कानात तुमचा आवाज, "निधान, निधान!" सावकाश, सावकाश. कितीतरी फेऱ्या मारल्या. गाळ्यांच्या रांगेतून सरळ, वजनकाट्याला वळसा, परत. भीती होती की! पण ती आता गाडीवर माझ्याबरोबर बसून होती, पूर्वीसारखी हँडल धरून नव्हती. मनगट दुखत नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडले. सगळी कबुतरं उडाली.

आणि काल खंडेनवमी. अण्णा मुद्दाम आला होता, माझ्यासाठी की गिऱ्हाईकासाठी ते काय विचारलं नाही मी. गाडी मी धुतली. हार आईनं घातला. लिंबू ठेवायला ती वाकली आणि क्षणभर तशीच थांबली, मागच्या वर्षीचं आठवलं असणार. गल्ली गोळा झाली होती. महादेवी अक्का पदर तोंडात धरून उभ्या. मी कीक मारली. नाही लागली. परत मारली. तिसऱ्यांदा लागली. क्लच हळूच सोडला आणि चाकाखाली ते मऊसर 'फच्' झालं. मी थांबलेच नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तेच वळण, बहुतेक तेच कुत्रंही. वळले. पाय टेकवावा लागला नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "हुडगी गाडी होडीताळ नोड्री!" मुलगी गाडी चालवतेय बघा! मी कॉलेजात असताना हेच वाक्य लोक नाक मुरडून म्हणायचे. काल ते ओरडणाऱ्या महादेवी अक्का होत्या, आणि त्या नाचत होत्या.

परत आले तर अण्णा फोनवर. "नाही हो, विकायची नाही. चालवणारं माणूस आहे आमच्या घरात." फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता फडक्यानं चाकावरचं लिंबू पुसायला लागला. नाक लाल झालं होतं त्याचं. तुमचाच मुलगा तो.

तुम्हाला वाटेल संपलं. नाही, खरं तर आज झालं.

आज धारवाडला आत्यांना बन्नी द्यायला जायचं होतं. अण्णा म्हणाला, रिक्षा बोलावतो. आई आत गेली आणि बाहेर आली ती तुमचं हेल्मेट हातात घेऊन. आठवतं ना, तिचा हट्ट? "मी तुझ्या अप्पांच्याच मागं बसणार, दुसऱ्या कुणाच्या नाही." अण्णाच्या मागं सुद्धा ती कधी बसली नाही. तुम्ही गेल्यापासून नुसती रिक्षा आणि बस. तिनं ते हेल्मेट आधी नाकाशी धरलं, मग डोक्यात घातलं. पट्टा लावता येईना. मी लावून दिला. डोळे भरलेले, पण मान ताठ. एका बाजूला पाय घेऊन बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून खांद्यावर जाणवतंय.

मी जपून चालवत होते. आई मागं बसलेली, मोठा रस्ता, बाजूनं गाड्या सुसाट. मनात तुमचं निधान, निधान चालू. नवनगर गेलं आणि आईनं माझ्या खांद्यावर थाप मारली. मला वाटलं, घाबरली, थांबवायला सांगतेय. मान वळवून विचारलं, "काय गं?"

"तुझ्या अप्पांसारखी काय रांगतेस? जरा जोरात घे की!"

अप्पा! ऐकलंत? एवढी वर्षं ती तुमच्या मागं गप्प बसली आणि हे मनात होतं तिच्या! मी इतकी हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. ती पण हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून, तुमच्या हेल्मेटात. मग आम्ही निघालो, आणि मी तिसऱ्यावरून चौथा टाकला.

अभिमान वाटतोय मला, आज लपवत नाही. माझा, आईचा, आणि सगळ्यात जास्त तुमचा.

गौरी चुळबुळ करायला लागली, उठेल आता. एक शब्द देते आणि थांबते. तिचे पाय जमिनीला टेकायला लागले की तिला यार्डात नेईन. सुट्टीच्या दिवशी, मिरचीच्या धुळीत. आधी बंद गाडी ढकलायला लावीन. ती चिडेल, हमाली नाही करायची म्हणेल. मी कट्ट्यावर बसून शेंगा सोलेन. आणि किल्ली तिच्या हातात मी स्वतः ठेवीन. आणि समजा माझ्याकडून राहिलंच, तर तुम्ही आईकडं ठेवलीत तशी ती कुणाकडं ठेवून जायची ते आता मला ठाऊक आहे.

तुमची,
मायव्वा