शेवटचा तुकडा

३ नोव्हेंबर, लुंड
रुना, पोरी, ही वही तुझ्यासाठी घेतली आणि लिहायला आज मुहूर्त लागला. रागावू नकोस. नोकरी लागली! प्रयोगशाळेत काचसामान धुवायचं. मी सातवी शिकलेला, पण तिथली मुख्य बाई, हेडविग, सगळं समजावून सांगते. दोन प्रथिनं एकमेकांना जोडलेली. एकात लोखंड, दुसऱ्यात तांबं. उजेडाचा झोत मारला की लोखंडवालं इलेक्ट्रॉन देतं, तांबंवालं घेतं आणि त्याचा सुंदर निळा रंग उडतो. पुढे कुणाला दिला की निळा परत. मी विचारलं, घेणाऱ्याला नको असेल तर? ती हसली. जोडलेल्याला विचारत नाहीत, म्हणाली.

७ नोव्हेंबर
तिचा मदतनीस सिक्स्टन याच्या हातात त्या प्रथिनांची नळी फुटली. कॉफीला आला तेव्हा त्याचे निळे डोळे पाण्यासारखे दिसले. मी ओरडलोच. सगळे हसले. म्हाताऱ्याला चष्मा घेऊन द्या रे, म्हणाले.

१० नोव्हेंबर
हेडविगच्या हातून कप घेताना सिक्स्टनची बोटं तिला लागली. त्याचे डोळे पुन्हा निळे. तिचे निळे मात्र पाण्यासारखे. आज कुणी हसलं नाही.

१३ नोव्हेंबर
कॉफीबरोबर दालचिनीचा एकच पाव उरला. शेवटचा तुकडा उचलायचा म्हणजे हावरटपणा, म्हणून प्रत्येकाने अर्धा कापून अर्धा ठेवला. उरला घासभर. हेडविगने तो चिमटीत धरून माझ्यापुढे केला. घे रे इवाल्ड, वडीलधाऱ्याचा मान. तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा लाज वाटली. घेतला. तिची बोटं बर्फासारखी होती. तिचे डोळे पुन्हा निळे झाले, आणि ती रडायला लागली.

१५ नोव्हेंबर
आरशात माझ्या डोळ्यांच्या जागी पाणी. सिक्स्टन दारातूनच बोलला. हे ठेवून घेता येत नाही, हात आपसूक जातो. आणि जो सगळ्यात घट्ट जोडलेला, त्याच्याकडे आधी.
म्हणजे तू. आणि तुझी चिमुरडी.

१६ नोव्हेंबर
तुला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. बाबा, झालं का तुमचं सुरू, म्हणालीस. मागच्या वेळी गॅस, आता डोळे! रविवारी बाळाला घेऊन येणारच म्हणालीस. पुन्हा केला. उचलला नाहीस.

१८ नोव्हेंबर
तुझ्या फोटोवरून बोटं निघत नाहीत. ओढून काढली—

१९, रविवार
उजवा हात पलंगाला बांधलाय. डाव्याने लिहितोय. फोन लागत नाही. गाठ सैल होतेय, मी सोडत नाहीये—

जिन्यात बाळ रडतंय. कुणा शेजाऱ्याचं असेल. शेजाऱ्यांकडे बाळ नाही—

रुना, निघाली नाहीस असं कळव. लवकर कळव गं. बेल वाजली, हात सुटला, कडी—