टेबलाखालची पाहुणी

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. काकांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय हे वाचून वाईट वाटलं आणि तरीही ते शिडीवर चढतातच हे वाचून हसू आलं. त्यांना म्हणावं, गुडघा तुमचा असला तरी तेल आत्याला चोळावं लागतं.

आता माझी बातमी, जरा बसून वाच. मी कुत्री आणली आहे. विकत नाही, शेल्टरमधून. बाबा गेल्यापासून या भांड्यांच्या कारखान्यात मी आणि चाक, दोघंच. बरण्या न्यायला टेम्पोवाला येतो, तेवढंच काय ते माणसाचं तोंड दिसतं. परवा वाडग्याशी बोलताना मी स्वतःलाच पकडलं आणि ठरवलं की हे काही खरं नाही.

वय साधारण दीड वर्ष. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा कायमचा पडलेला, आणि शेपूट तर दुसऱ्याच कुत्र्याची उसनी आणल्यासारखी. जात विचारली तर शेल्टरच्या बाई म्हणाल्या, हिच्यात सगळ्यांनीच थोडाथोडा हातभार लावलाय. बाकीची कुत्री उड्या मारत होती. ही पुढे आली, माझ्या तळहातावर हनुवटी टेकवली आणि तशीच उभी राहिली. मग काय, मी विरघळलेच.

पण घरी आल्या आल्या ती जी कामाच्या टेबलाखाली शिरली ती तिथेच. मी घरात आहे तोवर बाहेर येत नाही. आधीच्या घरी तिला फार मारायचे म्हणे, त्यामुळे वेळ लागेल असं बाई म्हणाल्या. महिनाअखेर त्या बघायला येणार आहेत. रुळली नसेल तर परत नेतील, दुसऱ्या एका कुटुंबाने तिला मागितलंच आहे.

मी आवाज चढवत नाही, रेडिओ लावत नाही, घर अगदी शांत ठेवलंय. माती थापायची, चाकावर बसायचं, पुन्हा माती थापायची, एवढाच माझा दिवस. मग ती कशाला घाबरते? खरं सांगू, माझ्यातच काहीतरी आहे असं वाटायला लागलंय. ती राहणार हे नक्की होईपर्यंत तिला नाव द्यायचं नाही, असं ठरवलंय. तूर्तास पाहुणी म्हणते.

तुझा जीव आहे तसाच माझ्यावर असू दे.

तुझी,
टिल्ली

---

९ मार्च

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद.

बसून वाच म्हणालीस म्हणून बसले, तर काकांच्या चष्म्यावरच बसले. त्याचा हिशेब तुझ्या पाहुणीच्या नावावर लिहिला आहे.

पहिलं म्हणजे, माझ्यातच काही आहे वगैरे खुळचटपणा बंद. तुझ्यात काही असेल तर तो तुझ्या बापाचा हट्ट आहे, आणि त्याला कुत्री घाबरत नाहीत, फक्त बहिणी वैतागतात.

मला मात्र चैन पडेना. काकांना विचारलं, शेजारच्या पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, कुत्र्यांबद्दलचं माझं मत विचारू नका. मग मीच डोकं चालवलं. भट्टीची धग लागत असेल का? की तुझा तो एप्रन? तो तू धुतेस का गं कधी? मातीचे ओघळ वाळलेला एप्रन घालून तू समोर आलीस तर मीसुद्धा टेबलाखाली जाईन.

आणि एक कर. तू नसताना ती काय करते ते शोध. लहानपणी आमच्या ओल्या भांड्यांवर एक मांजर चालून जायचं. ते कुठून येतं ते कळावं म्हणून दादा आणि मी जमिनीवर सुक्या मातीची भुकटी पसरून ठेवायचो. पावलं सगळं सांगतात. भुकटीला तुझ्याकडे काय तोटा!

लगेच कळव. इथे दोन म्हातारी माणसं ताटकळत बसली आहेत.

आशीर्वाद आहेतच,
तुझी आत्या

---

१५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

भुकटी पसरली आणि बाजारात गेले. येताना अक्षरशः पळत आले. टेम्पोवाल्याला वाटलं भट्टी पेटती राहिली.

पावलं टेबलाखालून निघाली होती. आधी दाराशी गेली, तिथे बराच वेळ घुटमळली. मग माझ्या पलंगाशी. मग चाकापाशी, माझ्या बसायच्या तिवईभोवती गोल गोल फिरून. आणि तो न धुतलेला एप्रन तिने खुंटीवरून ओढून खाली घेतला होता. त्याच्याजवळ भुकटीत एक गोल उमटला होता, मध्ये स्वच्छ, कडेला शेपटीचा फराटा. ती त्याच्यावर डोकं टेकून झोपली होती, आत्या! माझ्या एप्रनवर!

मला रडूच आलं. म्हणजे मी नसले की ती मला शोधते आणि मी आले की लपते. असं कोण वागतं?

तुझे अंदाज तपासले. दोन दिवस भट्टी पेटवली नाही, फरक नाही. एप्रन धुतला, फरक नाही. उलट तिने तो हुंगून पाहिला आणि नाराज झाली असं मला वाटलं. फक्त मंगळवारी नवल घडलं. माझं बोट भाजलं होतं म्हणून कामाला हात लावला नाही. दिवसभर पुस्तक वाचत पडले. दुपारी बघते तर पाहुणी पलंगाशेजारी, हनुवटी माझ्या चपलेवर. बुधवारी काम सुरू केलं आणि ही पुन्हा टेबलाखाली. काम सोडून जगू कसं, ते तिलाच विचारायला हवं.

बाईंचा निरोप आला आहे, त्या एकतीसला येतील. मी तिला नाव दिलेलं नाही, तरी ती जाईल हा विचार मला सोसत नाही.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
टिल्ली

---

२० मार्च

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद.

कोडं सुटलं, आणि सोडवलं कोणी? तुझ्या काकांनी! आता महिनाभर घरात त्यांची मिजास चालणार.

तुझं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. 'घर अगदी शांत' हे तुझं जुनं वाक्य मी पुन्हा सांगितलं, तर ते खो खो हसायला लागले. म्हणाले, तुमचं घर आणि शांत? लग्नाआधी ते पहिल्यांदा आपल्याकडे आले तेव्हाची गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांनी आज सांगितली. ते बाहेरच्या खोलीत बसले होते आणि आतून धाड, धाड, धाड. त्यांना वाटलं माझे बाबा आत कुणालातरी बदडतायत. चहा अर्धा बशीत, अर्धा विजारीवर. आणि आम्ही सगळे आपले हसतमुखाने हवापाण्याच्या गप्पा मारतोय! या घरात मुलगी मागावी की पोलिसांना बोलवावं, असा त्यांना प्रश्न पडला होता म्हणे.

अगं, माती थापतो म्हणजे आपण काय करतो? गोळा डोक्याच्या वर उचलतो आणि टेबलावरच्या फळीवर आपटतो, आतली हवा निघेपर्यंत. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून तो आवाज ऐकतेयस. मीही तशीच. आपल्याला तो ऐकूच येत नाही. मारच खात आलेल्या त्या मुक्या जिवाला काय वाटत असेल? आणि ती लपते कुठे, तर ज्या टेबलावर तू आपटतेस त्याच्याच खाली! तिच्या डोक्यावरच गडगडाट.

तू तिला आवडतेस, वेडे. तुझं काम तिला कळलेलं नाही, एवढंच. ते कसं समजवायचं ते मात्र काकांना माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, मी तर बशी घट्ट धरून बसलो होतो.

जपून राहा, बोटाला मलम लाव.

तुझी आत्या

---

३१ मार्च, संध्याकाळ

ती. आत्यास आणि ती. काकांस (आजपासून काकांचं नाव आधी यायला हवं, पण हात सवयीने चालतो),
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आत गेले, गोळा उचलला, आपटला आणि जन्मात पहिल्यांदा तो आवाज ऐकला. बाई गं! खिडकीची तावदानं हलतात. बाबा, आजोबा, आपण सगळे या आवाजात जेवलो, झोपलो आणि मी लिहिते की घर शांत आहे.

मग फळी मागच्या अंगणात हलवली. पहिल्या दिवशी ती टेबलाखालीच राहिली. नंतर एकदा मान वर केली तर खिडकीत एक उभा कान. मग तो कान दारात आला. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. शनिवारी मी दम खायला थांबले तेव्हा ती आली, अंग चोरून, पोट जमिनीला घासत. तिने फळीवरचा गोळा चारी बाजूंनी हुंगला. मग माझे हात हुंगले, तळवे, पालथी बाजू, बोटांच्या बेचक्या. पुन्हा गोळा. मार कुणाला बसतो ते तिला स्वतः बघायचं होतं. बघून झाल्यावर तिने गोळा चाटला आणि तोंड वाकडं केलं.

आज बाई आल्या, हातात परत न्यायचा पट्टा घेऊनच. म्हणाल्या, तुम्ही रोजचं काम करा, मी बाजूला बसते. गोळा उचलला आणि आपटला. पाहुणी ताडकन उभी राहिली, शेपूट पायांत. तिने अंगणातून घरातल्या टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि आत्या, ती चालत आली आणि माझ्या पोटरीला टेकून बसली. थरथरत होती. पण दुसऱ्यांदा आपटलं तरी हलली नाही, तिसऱ्यांदाही नाही. बाई उठल्या, दाराजवळच्या खुंटीवर एप्रनशेजारी पट्टा अडकवला, तिचा पडलेला कान कुरवाळला आणि गेल्या.

टेबलाखाली आता बरण्या रचल्या आहेत, ती जागा कुणाला लागत नाही. हे लिहितेय तेव्हा तिची हनुवटी माझ्या पावलावर आहे आणि पायाला मुंग्या आल्या तरी मी तो हलवणार नाही.

आता तिला पाहुणी म्हणणं बरं दिसत नाही. मला काही सुचतही नाही, आणि सुचलं तरी सांगणार नाही. काकांचा गुडघा बरा झाला की दोघं या. नाव आत्यानेच ठेवायचं.

तुझी,
टिल्ली