सगळं डावंच निघालं

मंगळवार, ता. १४

प्रिय बारक्या,

आशीर्वाद घे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा जरा वळायला लागलाय, त्यामुळे ती पुन्हा सगळ्यांना कामं सांगत हिंडते. तुझी सर्दी गेली का?

मुद्द्यावर येते. तुझ्या लघवीच्या सीलबंद दुसऱ्या बाटलीचा अहवाल आला आणि तू सुटलास. सोमवारपासून पुन्हा कामावर, क्रेनवर चढ, साहेबांना पत्र कालच गेलंय. मी आमच्या प्रयोगशाळेच्या भांडारात जाऊन पोटभर रडून घेतलं.

झालं ते असं. तुझ्या लघवीत उत्तेजक सापडलं, ते खरंच होतं. पण त्याची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी, एकमेकांची आरशातली. उजवं नशेचं. डावं नाक मोकळं करतं, ते सर्दीत नाकाने ओढायच्या साध्या नळीत असतं. नेहमीची तपासणी दोन्ही एकत्रच मोजते. मोठ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला विचारलं, "सर्दीचं काही घेत होता का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी दोन्ही रूपं वेगळी करून पाहिली, तर सगळं डावंच. शरीर त्यातल्या थोड्याचा दुसरा पदार्थ बनवतं, बरंचसं तसंच लघवीवाटे टाकून देतं, पण डाव्याचं उजवं करत नाही. अरे, दिवसातून किती वेळा ओढत होतास ती नळी? नाक आहे की धुराडं?

आता उरलेलं. पहिल्या अहवालानंतर तुझ्याकडे आले होते तेव्हा, तू अंघोळीला गेल्यावर मी तुझी पिशवी उपसली. नळी हातात घेतली आणि परत ठेवली. तिच्यावर घटक छापलेले होते. अठरा वर्षं मी लेबलं वाचून पोट भरते, आणि तेवढं एक वाचलं नाही. मी नशेच्या गोळ्या शोधत होते. तुला सोडवणारं काही शोधतच नव्हते.

आणि तुझी बायको लेकीला घेऊन माहेरी गेली, ती आपल्या मनाने नव्हे. तिने मला विचारलं होतं, "ताई, खरं असेल का हो?" मी म्हणाले, "मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं?" तेवढ्यावर तिने बॅग भरली. पुढे तू आईपाशी तिला बोल लावलेस, आणि मी शेजारी बसून गप्प ऐकलं. याची मला फार लाज वाटते.

आज सकाळी तिला फोनवर सगळं सांगितलं, माझी करणीसुद्धा. मग म्हणाली, "शनिवारी दुपारच्या गाडीने येतो आम्ही. त्यांना सांगा." तर आणायला जा, आणि दाढी करून जा.

माझ्यावर हवा तेवढा राग काढ, फक्त अबोला धरू नकोस. "मी काही घेतलं नाही, ताई," असं तू तीनदा म्हणाला होतास, आणि तीनही वेळा मी खिडकीबाहेर पाहत राहिले. आज म्हणते, माझा तुझ्यावर विश्वास आहे. अहवाल हातात आल्यावर कोणीही म्हणेल, हे कळतं मला.

पुढच्या वेळी अहवालाची वाट न पाहणारी,
तुझी ताई