नीटनेटकं घर

नर्सताई,

तुम्ही येणार म्हटलं की मी पहाटेच उठून घर लख्ख करते, बाळाला धुतलेलं झबलं घालते आणि हसत दार उघडते. काल तुम्ही म्हणालात, "किती छान सांभाळतेस गं! तुला माझी गरजच नाही. आता गरज असेल तिकडे जाते." मी मान डोलावली.

ताई, बाळ रडायला लागलं की मी बाथरूममध्ये कडी लावून नळ सोडून बसते. मला माझ्याच हातांची भीती वाटते. पण हे सांगितलं आणि बाळाला माझ्यापासून काढून नेलं तर?

हे पत्र पाठवायची माझी छाती होत नाही. तरी एकदा न सांगता या. आत नळ वाहत असेल तर दार वाजवत राहा.

तुमची,
जिला गरज नाही ती