चौथी ओळ

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेच्या सेक्रेटरींनी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत, तेव्हाच समजलं.

गुरुवारी नववीच्या वर्गात फळ्यावर काय लिहिलं होतंत, असं विचारलं. जे लिहिलं होतं ते सांगितलं. म्हणाले, माहीत आहे, आमच्याकडे फोटो आहे. मग विचारलंत कशाला!

इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे माझ्याच तोंडी कुणी भलतं घातलं तर उपयोगी पडेल.

प्रश्न पेन्सिलने विचारला. दुसऱ्या बाकावरची काडीसारखी मुलगी, कानामागे कायम पेन्सिल, म्हणून मी मनात तिला तेच म्हणते. आदल्या आठवड्यात शिकवलं होतं की आपले पैगंबर शेवटचे, पैगंबरपदावर, म्हणजे नबुवतीवर, त्यांच्यानंतर मोहोर लागली. गुरुवारी शिकवत होते की कयामतीच्या आधी हजरत ईसा, म्हणजे येशू, पुन्हा येतील. हिचा हात वर. "बाई, नबी येणं बंद झालंय ना? मग ईसा कसे येणार? तेही नबीच आहेत."

एकोणीस वर्षं दीनियात, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवतेय. हा प्रश्न तीन-चार वर्षांतून एखादीच विचारते. बाकीच्या पाठ करतात आणि पास होतात.

मी सांगितलं की ईसांना नबुवत आधीच मिळालेली आहे, नवी मिळणार नाही. ते नवा धर्म आणणार नाहीत, आपल्याच पैगंबरांच्या शरियतीवर चालतील. आपल्या जुन्या मोठ्या बाई निवृत्तीनंतर शाळेत आल्या होत्या, आठवतं? त्यांचा मान गेला होता का? नाही. पण खुर्चीत बसल्या का? नाही. आताच्या मोठ्या बाईंचंच ऐकलं. मुली हसल्या. समजलं त्यांना.

मग मागून एक म्हणाली, काही लोक म्हणतात ईसा वारले. आता मी काय करायला हवं होतं? गप्प बस म्हणायचं? कुरआनात त्यांच्याबद्दल एक शब्द आहे — तवफ्फी. आपले उलमा, म्हणजे धर्मपंडित, तिथे त्याचा अर्थ लावतात 'पूर्णपणे परत घेणं', म्हणजे जिवंत उचलून घेणं. ते लोक अर्थ लावतात 'मृत्यू'. दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिले. पहिल्याखाली रेघ मारली, म्हटलं हा आपला, आणि का ते सांगितलं.

शेजारच्या वर्गाच्या बाईंनी काढलेल्या फोटोत दोन्ही अर्थ आलेत. रेघ आलेली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कागद आला. शिपाई वर्गावर आणून देऊन गेला. टाइप केलेला, चार ओळींचा.

एक — हजरत मुहम्मद हे अखेरचे नबी. त्यांच्यानंतर कोणत्याही अर्थाने कुणी नवा नबी नाही.
दोन — हजरत ईसा जिवंत उचलले गेले आणि परत येतील.
तीन — जो हे मानत नाही तो इस्लामबाहेर.
चार — अशा व्यक्तीशी मी सलाम, जेवण, येणं-जाणं, कोणताही संबंध ठेवणार नाही. सध्या संबंध असल्यास नाव: ______

खाली सहीची जागा.

पहिल्या दोन ओळींवर जाड पेनाने सही करीन. छतावर उभी राहून वाचीन. तिसरी — कोण आत, कोण बाहेर, याचा निवाडा करणारी मी नाही आणि सेक्रेटरीही नाहीत.

चौथी ओळ म्हणजे आपा, माझी मोठी बहीण. ती रिकामी जागा उगाच सोडलेली नाही. त्यांना नाव माहीत आहे. फक्त माझ्या हाताने हवंय.

सही करणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत पाहतो, माझ्या डोळ्यांत पाहून बोलायचं मात्र टाळतो. आज माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "करून टाक सही. सहीने काय अंगाला भोकं पडतात? आपांकडे जायचं तेवढं जात राहा. कोण बघतंय?"

म्हणजे खोटं लिहू आणि वागू खरं. असला कारभार मुलींना मार्क कापून शिकवते मी, करू नका म्हणून.

कागद फ्रिजच्या दारावर लावला. चुंबकाखाली, बरोबर डोळ्यांसमोर. राग थंड व्हायला नको.

९ फेब्रुवारी, रविवार

आपा आली होती, नेहमीसारखी. चपला काढायच्या आधी फ्रिज दिसतो आमचा. वाचला तिने. कणीक मळायला घेतली.

आपा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. अम्मी गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मग ईसा वारले म्हणणाऱ्या त्या जमातीतल्या घड्याळवाल्याशी लग्न केलं, त्यांचं सगळं स्वीकारून केलं, आणि अब्बांनी तिचं नाव घेणं सोडलं. मरेपर्यंत सोडलं. तिचा नवरा, आमचे दुल्हाभाई, गेले तेव्हा आमच्या कब्रस्तानने जागा नाकारली. शहराबाहेर दोन तास गाडी. या बाजूकडून फक्त मी आणि माझा नवरा. (तो आला होता, हेही लिहायला हवं. पाठ करून बोलतो, पण आला होता.)

आम्ही दोघी बावीस वर्षं भांडतोय. ती म्हणते ईसा वारले, आणि ज्याच्या येण्याचं वचन होतं तो दुसऱ्याच माणसाच्या रूपात येऊन गेला. मी म्हणते, अगं मग मोहोर कसली? मोहोर लागलेलं पाकीट उघडलंस तू. ती म्हणते, आणि तू म्हणतेस की जुनाच नबी परत येणार, मग तुझं पाकीट कुठे बंद आहे? मी मोठ्या बाईंच्या खुर्चीचं उदाहरण देते. ती म्हणते, खुर्च्या मोजत बस. एकदा तर इतकं पेटलं की दूध उतू गेलं, तेव्हा तीच म्हणाली — "तुझा यायचाय, माझा येऊन गेला. मधल्या काळात ओटा कोण पुसणार?"

ती चुकतेय. अगदी मुळात चुकतेय, असं मला वाटतं. तिला तोंडावर सांगते. पण ती माझी बहीण आहे हे काही मत नव्हे, बदलायला.

१० फेब्रुवारी, सोमवार

दोन शिक्षिका जेवायच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसल्या. डबा एकटीने खाल्ला. सावकाश खाल्ला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मौलानांनी त्यांच्या खोलीत बोलावलं. धर्मशिक्षणाचे प्रमुख तेच. मला नोकरीवर घेतलं तेही त्यांनीच. पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून खुर्ची मोकळी करून दिली. बसा म्हणाले. एवढ्यानेच माझं निम्मं अवसान गेलं.

म्हणाले, मुलीला तुम्ही दिलेलं उत्तर बरोबर होतं, मीही तेच दिलं असतं. मला इतकं बरं वाटलं की रडू येईल की काय असं झालं. मग म्हणाले, पण फळ्याला आवाज नसतो, बाई. तुम्ही कोणत्या सुरात लिहिलं ते फोटोत दिसत नाही.

बराच वेळ बोलले. म्हणाले, दर काही पिढ्यांनी कुणीतरी उठतो, मी पाठवलेला आहे म्हणतो, आणि घरंच्या घरं त्याच्यामागे जातात. भाऊ भावाच्या जनाज्याला जात नाही. ही मोहोर म्हणजे आपल्या घराची भिंत आहे. तिच्यात एक वीट सैल दिसली की मला झोप येत नाही.

ढोंगी नाहीत ते. खरंच घाबरलेले आहेत. म्हणून उत्तर देताना मी आवाज चढवला नाही.

मी म्हटलं, "मौलानासाहेब, भिंत माझीही आहे. पण पहिल्या दोन ओळींत भिंत झाली. चौथीत तुम्ही मला माझ्या बहिणीला तिच्यात चिणायला सांगताय."

त्यांनी चष्मा पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, शाळेच्या कमिटीपुढे हे वाक्य बोलू नका.

हेच बोलणार आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शुक्रवारी, २१ तारखेला, कमिटीपुढे हजर व्हायचं. तोपर्यंत नववीचे तास बंद.

पेन्सिल जिन्यात भेटली. डोळे सुजलेले. म्हणाली, बाई, माझ्यामुळे झालं ना? तिला सांगितलं की चांगला प्रश्न विचारल्याची माफी कधी कुणाकडे मागायची नाही. तिने मान हलवली, आणि लगेच विचारलं, "पण बाई, ईसा आल्यावर त्यांना वही येईल का?"

वही म्हणजे अल्लाहचा संदेश. त्यावर उलमांनी लिहून ठेवलंय. उत्तर दिलं असतं, पण तेवढ्यात सेक्रेटरी वरून खाली बघत होते. म्हणून उत्तर जरा मोठ्या आवाजात दिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कमिटीसाठी लिहायला बसले. तीन पानं झाली. पहिलं पान माझा विश्वास — शब्द न शब्द, आधारांसकट. बघू कोण चूक काढतं. दुसरं, प्रश्न विचारणाऱ्या मुलीला हाकलण्यापेक्षा उत्तर देणं ही आपलीच जुनी रीत कशी आहे. तिसरं, चौथी ओळ.

मोठ्याने वाचून पाहिलं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, तिसऱ्या पानावर जरा हळू वाच, तिथे तुझा श्वास पुरत नाही.

एवढंच म्हणाला. पण पाठ करून नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फ्रिजवरचा कागद नाही. नवऱ्याला विचारलं, तो म्हणे मला काय माहीत, खाली पडला असेल. फ्रिजखाली, मागे, सगळीकडे पाहिलं. केरात गेला असेल. जाऊ दे. चारही ओळी तोंडपाठ आहेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

घडलं तसं लिहिते.

गेले. इस्त्रीचे कपडे, तीन पानं, ताठ मान. लांब टेबल, पाच माणसं, कडेला मौलाना. मी उभ्याउभ्याच सुरुवात करणार, तोच अध्यक्ष म्हणाले, या, या, बसा. चहा मागवला. चहा!

सेक्रेटरी म्हणाले, "तुमचा कागद काल सकाळी ऑफिसच्या पेटीत मिळाला. विषय संपला. उद्यापासून नववी घ्या."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कागद बघू म्हटलं. त्यांनी सरकवला. तोच कागद — वरच्या कडेला चुंबकाचा डाग. खाली माझी सही. हुबेहूब माझी, शेवटची शेपटीसुद्धा. आणि चौथ्या ओळीतल्या रिकाम्या जागेत आपाचं पूर्ण नाव. पुढे लिहिलेलं — सख्खी मोठी बहीण.

मौलाना माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाकडे बघत होते.

मी तीन पानं घेऊन आले होते आणि तोंडातून एक शब्द निघाला नाही. एकोणीस वर्षं बडबड करणारी बाई! चहा तसाच ठेवून बाहेर पडले.

थेट दुकानात गेले. गिऱ्हाईक बसलेलं, तरी थांबले नाही. म्हटलं, केलीस ना शेवटी? माझ्या नावाने? नवरा काच हातात धरून तसाच उभा. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "मी करणार असतो तर पहिल्याच दिवशी केली असती. आणि आपांचं नाव? ते माझ्या हाताने लिहिलं गेलं असतं?"

नसतं. माहीत आहे मला.

दुल्हाभाईंच्या कबरीवर माती टाकून आल्यावर हा माणूस दोन दिवस जेवला नव्हता.

मग कोण?

२२ फेब्रुवारी, शनिवार

शाळेत गेले नाही. आपाकडे गेले. दार उघडल्यावर तिचा चेहरा पाहिला आणि विचारायची गरज राहिली नाही.

आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असतेच, आणि सही काढणं तिला काय अवघड. मला पहिलं अक्षर गिरवायला तिनेच शिकवलं, माझा हात तिच्या हातात धरून. माझी सही म्हणजे तिचीच सही, नाव तेवढं माझं.

खूप बोलले. रागावले. म्हटलं, तुझ्यासाठी लढत होते मी, आणि तू स्वतःच स्वतःला कापून काढलंस? ती ऐकत होती. मग म्हणाली, "जागा रिकामी होती. तिथे माझं नाव कधीतरी कुणीतरी लिहिणारच होतं. दुसऱ्याने लिहिण्यापेक्षा मी लिहिलं. आता तुला कुणी विचारणार नाही."

तीन आठवडे तिच्या नावाने लढले. एवढ्या दिवसांत तिला एकदाही विचारलं नव्हतं — आपा, तुला काय हवंय?

आज विचारलं. उशिराच, पण विचारलं. सोमवारी जाऊन सांगू का, की सही माझी नाही? नोकरी जाईल. तूही अडकशील. तू नको म्हणालीस तर गप्प बसेन — आयुष्यात पहिल्यांदा.

तिने आधी माझ्यासमोर पाणी ठेवलं.

मग म्हणाली, "सांग. पण एकटी जाऊ नकोस. मलाही त्या टेबलासमोर उभं राहायचंय."

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळचे सात. आपा आली आहे. निघतोय.