शकूच्या पोटावरचा हात

सांगली, १२ नोव्हेंबर १९७४

आज जेवणावर वासनाच नव्हती. उंब्रजकडची तीन वर्षांची शकू, मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ. परवा ऑपरेशन. आईवडिलांना अर्धा तास समजावलं. वडील फौजेत, रजेवर आलेले. "एवढुश्या पोरीला कॅन्सर कसा व्हईल?" म्हणाले. पटावं म्हणून मीच त्यांचा हात धरून गाठीवर ठेवला. मूर्खपणा माझा! कारण पुढच्याच वाक्याला सांगितलं, "आता पोट कुणीही दाबायचं नाही. गाठ फुटली तर आजार पसरेल."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. "आवं डाक्टरीनबाई, बेंबी सरकली म्हनून म्या म्हैनाभर एरंडेल लावून चोळलं की. मग म्याच केलं का ह्ये?"

"नाही," मी म्हणाले. पण केवढ्या घाईत! चोळून कॅन्सर होत नाही, हे नक्की. पसरला असेल का, ते पोट उघडल्यावरच कळेल. हे मी गिळलं.

संध्याकाळी वॉर्डात गेले तर शकू हात पसरून रडत होती, "आये, घे की." आई शेजारीच, हात पदराखाली घट्ट धरून. म्हणाली, "तुमी हात लावू नगा म्हनला न्हवं?"

दाबू नका म्हणाले होते. घेऊ नका कधी म्हणाले? पण कसं घ्यायचं, ते तरी कुठे सांगितलं! पाठीला नि मांड्यांना आधार देऊन मी शकूला उचललं, आईच्या मांडीवर बसवलं. शकू गप्प झाली. आईने हात मात्र पदराबाहेर काढले नाहीत.